आधी मोजा, मग चोर म्हणा



वीजचोर म्हटले की शहरातल्या माणसाच्या डोळ्यांसमोर एकच चित्र येते. अंगात मळका सदरा, हातात बांबू, बांबूच्या टोकाला वायरचा आकडा आणि वर सरकारी तार. कारखान्यातला मीटर मागे फिरवणारा शेठ या चित्रात नसतो. त्याच्याकडून हप्ता घेणारा साहेबही नसतो. असतो तो फक्त शेतकरी. जिल्हा बैठकीच्या तोंडावर या चित्राचा हिशेब करायला हवा.

एक गोष्ट आधीच सांगतो. आकड्याची वकिली आम्ही करणार नाही. आकडा टाकणारा सरकारचे काय नेतो ते नंतर पाहू. पहिल्यांदा तो शेजाऱ्याचे व्होल्टेज नेतो. डीपीवर झेपणार नाहीत इतक्या मोटरी पडल्या की डीपी जळते, आणि रीतसर पैसे भरणाऱ्याचे वावरही कोरडे राहते. ओल्या बांधावर तार हाताळताना माणसे मेली आहेत. एका ओलितापायी घरचा कर्ता माणूस जावा, इतकी कपाशी महाग नाही.

पण आकडा वाईट म्हणून कायदा न्याय्य ठरत नाही.

कायद्याची दोन पारडी

वीज ही काही कापसाच्या गाठोड्यासारखी उचलून नेता येत नाही. म्हणून तिच्या चोरीसाठी इंग्रजांनी 1910 च्या वीज कायद्यात वेगळे कलम घातले. आज त्या जागी 2003 चा विद्युत कायदा आहे. त्याचे 135 वे कलम सांगते : वीजचोरीला 3 वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. भार 10 किलोवॅटच्या आत असेल तर पहिल्या वेळी लाभाच्या निदान तिप्पट दंड, पुढच्या वेळी निदान सहापट. 2007 च्या दुरुस्तीने हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र झाला. परवानगी नसलेले साधन ग्राहकाकडे असल्याचे सिद्ध झाले की चोरी त्यानेच केली असे गृहीत धरायचे. केली नाही हे त्याने दाखवायचे. खुनाच्या खटल्यात आरोप सरकारने सिद्ध करायचा असतो, इथे ओझे आपल्या डोक्यावर!

आता दुसरे पारडे पाहा. त्याच कायद्याचे 43 वे कलम म्हणते, अर्ज आल्यापासून एक महिन्यात वीज द्या. नवी लाईन किंवा उपकेंद्र लागत असेल तर आयोग ठरवील त्या मुदतीत द्या. दिली नाही तर कंपनीला दिवसाला 1,000 रुपयांपर्यंत दंड. कैद नाही, अटक नाही. आणि वावरात तर बहुतेक वेळा नवी लाईन लागतेच. मग कोटेशन भरलेला शेतकरी 'पेड पेंडिंग' नावाच्या यादीत पडून राहतो. पैसे घेऊन माल न देणाऱ्या व्यापाऱ्याला आपण काय म्हणतो? पैसे घेऊन जोडणी न देणाऱ्या कंपनीला मात्र 'प्रलंबित' हा गोड शब्द आहे.

आणखी एक कलम आहे, त्याची चर्चा कोणी करत नाही. 150 वे कलम सांगते : कंपनीचा अधिकारी किंवा कर्मचारी चोरीला संगनमत करील, ती होऊ देईल किंवा लपवील, तर त्यालाही 3 वर्षांपर्यंत कैद. आमचा सवाल साधा आहे. वाशिम जिल्ह्यात 135 खाली किती गुन्हे नोंदले आणि 150 खाली किती? सहा तालुक्यांतून माहितीच्या अधिकारात हा अर्ज गेला पाहिजे. आकडा महिनोन्‌महिने तारेवर लटकतो आणि खालून जाणाऱ्या कोणालाच तो दिसत नाही, यावर आमचा विश्वास नाही.

पाणी आहे, वीज नाही

आपली जमीन कोरडवाहू. सप्टेंबर-ऑक्टोबरात पावसाने ताण दिला की कपाशीला बोंडे भरताना एक पाणी लागते. रब्बी ज्वारीला पोटरीत असताना किंवा फुलोऱ्यात एक पाणी लागते. ते मिळाले तर पीक हाती येते, नाही मिळाले तर वर्ष जाते. आपली सारी गरज या दोन-तीन आठवड्यांची. बोंडे गळायला लागल्यावर झाड मुदतवाढ देत नाही.

पैनगंगेवर आपल्या जिल्ह्यात 11 बॅरेज बांधले. पाणी अडले, पण ते वावरात चढवायला लागणाऱ्या विजेची तजवीज सोबत झाली नाही. कित्येक हंगाम काठावरच्या शेतकऱ्याने पाणी नुसते पाहिले. विदर्भाचा अनुशेष 1984 मध्ये दांडेकर समितीने मोजला, पुढे निर्देशांक व अनुशेष समितीने पुन्हा मोजला. शेतीपंपांची वीज दोन्ही हिशेबांत होती. मोजले, छापले, कपाटात ठेवले. ज्यांनी वीज दिली नाही ते मोकळे, आणि जिच्यावाचून पीक मेले ती वीज घेणारा अजामीनपात्र.

हे नवे नाही. एकाधिकार कापूस खरेदीच्या काळात आपल्याच वावरातला कापूस आदिलाबादच्या बाजारात नेणे गुन्हा होता. घाम आपला, कापूस आपला, आणि सीमेवर अडवलेली गाडीही आपलीच. चोरी कशाला म्हणायचे हे भारतातला शेतकरी ठरवत नाही; ते इंडियात ठरते.

आपल्या नावावर कोण खातो?

1977 पासून शेतीपंपांची आकारणी मीटरऐवजी अश्वशक्तीवर होऊ लागली. सोय वाटली. पण मीटर गेला आणि हिशेबही गेला. वीज मंडळ वर्षानुवर्षे आपली गळती 20 टक्क्यांच्या आत असल्याचे सांगत असे. 1999 मध्ये वीज नियामक आयोग आला, त्याने हिशेब मागितला, तेव्हा गळती 30 टक्क्यांच्या वर निघाली. मधली वीज तोवर कोणाच्या खात्यावर होती? तुमच्या-आमच्या पंपांच्या! 2020 मध्ये आयोगाच्या कार्यगटाचा अहवाल आला. त्यानंतरच्या आदेशात शेतीपंपांचा वापर पुन्हा खाली आला आणि गळती वर गेली. वीस वर्षांत दोनदा तीच वही, दोनदा तीच खाडाखोड.

हिशेब बांधावर करा. 5 अश्वशक्तीची मोटर म्हणजे सुमारे 3.7 किलोवॅट. विहिरीला पाणी असेपर्यंत ती 100 दिवस, रोज 5 तास चालली तर 500 तास. युनिट झाले 1,850. कागदावर कोणी 1,500 तास लिहिले तर युनिट होतात 5,550. मधले 3,700 युनिट आपल्या विहिरीने प्यायले नाहीत. ते दुसऱ्या कोणी प्यायले, आणि नाव आपले लागले.

आता म्हणाल, वीज मोफत झाली, हिशेब कशाला? 2024 च्या बळीराजा योजनेने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचे बिल एप्रिल 2024 ते मार्च 2029 सरकारने उचलले आहे. ज्याला जोडणीच नाही त्याला यातला एक रुपयाही नाही. आणि ज्याला आहे त्याच्या नावावर सरकार कंपनीला पैसे देते, ते कोणत्या मोजमापावर? न मोजता दिलेली फुकट वीज ही चोराला सगळ्यात सोयीची जागा. आज हातात फुकटचे बिल, उद्या कपाळावर फुकट्याचा शिक्का. भीक नको, आम्हाला मोजून वीज हवी आणि घामाचे दाम हवेत.

बैठकीपुढे ठेवायच्या गोष्टी

1. प्रत्येक शेती डीपीवर मीटर लावा आणि दर महिन्याचे वाचन ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा. मागणी आपण करायची. मीटरला भिण्याचे कारण आपल्याला नाही.

2. थकबाकी म्हणजे चोरी नव्हे. 56 व्या कलमाप्रमाणे वीज तोडण्याआधी पूर्ण 15 दिवसांची लेखी नोटीस लागते. 2021 च्या अखेरीस थकबाकीपोटी राज्यभर डीपी बंद झाल्या; भरणारे आणि न भरणारे एका दोरीने बांधले गेले. हे पुन्हा चालू देऊ नका. मात्र तोडलेली लाईन परस्पर जोडू नका. ते 138 खाली गुन्हा होते.

3. पथक आले तर अंगावर जाऊ नका. तपासणीच्या वेळी स्वतः किंवा घरचे माणूस हजर राहा. जप्तीची यादी मागून घ्या. कोऱ्या पंचनाम्यावर सही किंवा अंगठा देऊ नका. नोटीस कोणत्या कलमाखाली आहे ते वाचून घ्या. अनधिकृत वापराचे 126 आणि चोरीचे 135 यांत मोठा फरक आहे. 126 च्या अंतिम आकारणीवर 30 दिवसांत अपील करता येते. त्यासाठी निम्मी रक्कम भरावी लागते.

4. तडजोडीचा दर 152 व्या कलमात छापलेला आहे : शेतीसाठी अश्वशक्तीमागे 2,000 रुपये, तेही एकदाच. वीजआकारणीची रक्कम वेगळी. पावतीशिवाय कोणाच्या हातावर काही ठेवू नका.

5. कोटेशनची पावती जपा. जोडणी उशिरा मिळाली, डीपी मुदतीत बदलली नाही, तर ग्राहक तक्रार मंचाकडे आणि तिथे दाद लागली नाही तर नागपूरच्या विद्युत लोकपालाकडे भरपाई मागा. पण लक्षात ठेवा, चोरीचे प्रकरण हा मंच ऐकत नाही. 'चोर' हा शब्द एकदा कागदावर चढला की ते दार बंद. म्हणूनच तो इतक्या सहज वापरला जातो.

कारंजा, मानोऱ्यापासून रिसोडपर्यंत प्रत्येक गावाने बैठकीला येताना दोन कागद आणावेत : पेड पेंडिंग शेतकऱ्यांची यादी, कोटेशन भरल्याच्या तारखांसह, आणि गावातल्या डीपींची यादी, प्रत्येकीवर किती मोटरी आहेत त्यासह. हे कागद एकत्र करून आपण कार्यकारी अभियंत्यांच्या टेबलावर ठेवू. मग आमच्या गावात चोर शोधायला खुशाल या. पण आपली वही सोबत आणा.