विश्लेषण : तबेल्याचे बिल थकले, तर घोडा विकता येतो का?

घोडा महालक्ष्मीला बांधलेला असला किंवा शहराबाहेरच्या एखाद्या फार्मवर, मालक मुंबईकर असेल तर त्याच्या थकलेल्या बिलाचा माग माझगावपर्यंत येऊ शकतो. राज्य जीएसटीचे मुख्यालय तिथे आहे आणि न मिळालेल्या पैशांवरही तबेलेवाल्याला कर भरावा लागतो. शहर दिवाणी न्यायालयाची एक शाखाही माझगावातच आहे. मधल्या काळात घोडा मात्र रोज खातो. मालक फोन उचलत नाही म्हणून चंदी बंद करता येत नाही आणि घोडा विकून पैसे वसूल करावेत, तर तेही कायद्याने सोपे नाही.

बिल वाढते कसे?

साधारण ४५० ते ५०० किलोच्या घोड्याला दिवसाला नऊ-दहा किलो कोरडा चारा आणि चंदी, शिवाय २५ ते ४० लिटर पाणी लागते. त्यावर मोतद्दाराचा पगार, महिना-दीड महिन्याने नालबंदी, लस, जंतनाशक आणि डॉक्टर. घोडा कामाचा असो वा नसो, हा खर्च तेवढाच राहतो. उलट लंगडणाऱ्या घोड्याचा खर्च वाढतो आणि मालकाचा उत्साह नेमका तेव्हाच कमी होतो. ज्या मुलीसाठी घोडा घेतला ती शिकायला परदेशी जाते, धंद्यात मंदी येते, आधी एक महिना चुकतो, मग तीन.

समजा, महिन्याचे बिल २५ हजार रुपये आहे. आठ महिने थकले तर दोन लाख. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला तर २ लाख ३६ हजार. शर्यतीतून निवृत्त झालेल्या घोड्याला बाजारात एवढी किंमत येईलच असे नाही. म्हणजे घोडा हे तारण आहे असे मानले, तरी ते रोज कमी होणारे तारण आहे. त्यात मुंबईत तबेल्याची जागाच आक्रसते आहे. महालक्ष्मी रेसकोर्सच्या २११ एकरांपैकी १२० एकर उद्यानासाठी पालिकेकडे गेले आणि रेस क्लबकडे ९१ एकर उरले. पैसे न देणाऱ्याचा घोडा जी जागा अडवतो, तिथे पैसे देणाऱ्याचा घोडा राहू शकला असता.

चंदीपुरता मालक?

प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० मध्ये ‘मालक’ या शब्दाची व्याख्या रुंद आहे. ज्याच्या ताब्यात प्राणी आहे तोही मालक, मग तो ताबा खऱ्या मालकाच्या संमतीने असो वा नसो. कलम ११ नुसार प्राण्याला पुरेसे अन्न, पाणी, निवारा न देणे आणि त्याला वाऱ्यावर सोडणे हा गुन्हा आहे. म्हणजे पाच महिने पैसे न मिळालेल्या तबेलेवाल्याने चारा तोडला, तर पहिला आरोपी तोच ठरू शकतो. पहिल्या गुन्ह्याचा दंड १० ते ५० रुपये आहे, एका वेळच्या चंदीचा खर्चही त्यातून निघणार नाही. पण उपाशी ठेवल्याने घोडा मेला, तर प्रकरण या ५० रुपयांवर थांबेलच असे नाही.

विकायची वेळ आली, की हाच तबेलेवाला परका ठरतो. दुसऱ्याने सांभाळायला दिलेली वस्तू परस्पर विकली, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खाली विश्वासघाताची तक्रार होऊ शकते. कायद्याने खाऊ घालण्याची जबाबदारी दिली, विकण्याचा अधिकार दिला नाही.

निदान घोडा अडवून तरी ठेवता येतो?

इथे खरी गुंतागुंत आहे. भारतीय करार कायदा, १८७२ चे कलम १७० ‘धारणाधिकार’ देते. सोपवलेल्या वस्तूवर श्रम किंवा कौशल्य खर्च केले असेल, तर त्याचा मोबदला मिळेपर्यंत ती अडवून ठेवता येते. हिऱ्याला पैलू पाडणारा जवाहिऱ्या आणि कोट शिवणारा शिंपी, ही उदाहरणे कायद्यातच दिलेली आहेत. प्रश्न असा, की घोड्याला नुसते सांभाळणे हे शिंप्याच्या कामासारखे मानायचे का?

हा वाद इंग्लंडमध्ये आपल्या कायद्याच्याही आधी झाला. तिथल्या न्यायालयांनी १८२८ मध्ये घोडा तयार करणाऱ्या ट्रेनरचा हा हक्क मान्य केला, कारण त्याच्या कामामुळे घोड्याचे मोल वाढते. १८३३ मध्ये नुसता घोडा ठेवून घेणाऱ्या तबेल्याला मात्र तो नाकारला. १८४९ मध्ये तर ट्रेनरचाही हक्क डळमळला. मालक हवे तेव्हा घोडा शर्यतीला नेऊ शकत होता, मग पूर्ण ताबा ट्रेनरकडे होता असे कसे म्हणायचे, असा तो मुद्दा होता. रविवारी येऊन रपेट करून जाणाऱ्या मालकांच्या बाबतीत आजही हाच युक्तिवाद होऊ शकतो. त्यामुळे ‘खाऊन-राहून’ एवढ्याच बिलासाठी फाटकाला कुलूप लावणे कायद्याच्या दृष्टीने कच्चे आहे. आणि हा हक्क मिळाला, तरी तो फक्त अडवण्याचा आहे. अडवलेली गाडी कोपऱ्यात उभी राहते, अडवलेल्या घोड्याला दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा चंदी घालावी लागते.

न मिळालेल्या पैशांवर कर?

शेती आणि पशुपालनाशी संबंधित अनेक सेवांना जीएसटी माफ आहे, पण त्या नोंदीत ‘घोड्यांचे संगोपन वगळून’ असे स्पष्ट लिहिले आहे. पशुवैद्यकीय दवाखान्याच्या सेवेला सूट आहे. म्हणजे एकाच घोड्याच्या डॉक्टरच्या बिलावर कर नाही आणि तबेल्याच्या बिलावर आहे. वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर गेलेल्या तबेल्याला नोंदणी करावी लागते आणि कराची जबाबदारी सर्वसाधारणपणे बिल दिल्यावर येते, पैसे मिळाल्यावर नाही. बुडीत बिलावर भरलेला कर परत मिळण्याची सोय जीएसटीत नाही. वरच्या उदाहरणातले ३६ हजार तबेलेवाल्याच्या खिशातून जातात.

मग वसुलीचा मार्ग कोणता?

पोलीस ठाण्यात बहुधा ‘हे दिवाणी प्रकरण आहे’ एवढेच उत्तर मिळते आणि नुसत्या थकबाकीपुरते ते चूकही नाही. लेखी करार आणि ठरलेली रक्कम असेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३७ खाली संक्षिप्त दावा करता येतो. त्यात प्रतिवादीला हजेरी नोंदवायला दहा दिवस मिळतात आणि बचाव करण्यासाठी न्यायालयाची परवानगी लागते. वाद व्यावसायिक स्वरूपाचा आणि तीन लाखांच्या वरचा असेल, तर तातडीचा आदेश मागितलेला नसल्यास आधी मध्यस्थी बंधनकारक आहे. दाव्याची मुदत सर्वसाधारणपणे तीन वर्षे. ‘देईल हो, जुनी ओळख आहे’ म्हणण्यात ती सहज निघून जाते.

तबेल्याकडे सेवा उद्योग म्हणून ‘उद्यम’ नोंदणी असेल, तर सूक्ष्म व लघु उद्योगांच्या सुविधा परिषदेकडेही जाता येते. तिथे उशिराच्या रकमेवर बँक दराच्या तिप्पट, मासिक चक्रवाढीने व्याज लागू होते.

घोड्याचे काय करायचे, याचे उत्तर फार कमी वापरल्या जाणाऱ्या दोन तरतुदींत आहे. आदेश ३९, नियम ६ नुसार वादातील जंगम मालमत्ता लवकर खराब होणारी असेल किंवा ताबडतोब विकण्यास दुसरे पुरेसे कारण असेल, तर दावा चालू असतानाच न्यायालय विक्रीचा आदेश देऊ शकते. आदेश २१, नियम ४३ तर जप्त मालमत्ता सांभाळण्याचा खर्च तिच्या किमतीपेक्षा वाढण्याची शक्यता असेल, तर ती लगेच विकू देतो. घोड्याला हे वर्णन अगदी चपखल बसते. मात्र दोन्ही ठिकाणी विक्री न्यायालयामार्फत होते, तबेलेवाल्याच्या मर्जीने नाही.

मालक घोडा सोडून गायबच झाला तर?

मग क्रूरता कायद्याचा आधार उलट्या दिशेने घेता येतो. वाऱ्यावर सोडल्याची तक्रार खऱ्या मालकाविरुद्ध करायची. कलम ३५ नुसार दंडाधिकारी असा प्राणी उपचारगृहात किंवा पांजरपोळात पाठवू शकतात. मुंबईत परळचे बाई साकरबाई पेटिट रुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून या कामात आहे. तिथला खर्च मालकाने द्यायचा. ठरलेल्या मुदतीत त्याने प्राणी नेला नाही, तर दंडाधिकारी विक्रीचा आदेश देऊन खर्च वळता करू शकतात. उरलेली रक्कम मालकाला दोन महिन्यांत अर्ज केल्यास मिळते. यातून तबेल्याची जुनी थकबाकी भरून निघत नाही, पण जागा मोकळी होते आणि घोड्याला कोणीतरी जबाबदार माणूस मिळतो.

करारात काय हवे?

तोंडी ओळखीवर घोडा ठेवून घेण्याची पद्धत सोडण्यापासून सुरुवात करावी लागेल. दोन-तीन महिन्यांची अनामत, थकबाकीवरील व्याजाचा दर, बाकी पूर्ण मिळेपर्यंत घोडा ठेवून घेण्याचा स्पष्ट हक्क, ठरावीक दिवसांच्या लेखी नोटिशीनंतर विक्रीची मुभा आणि दावा कुठल्या न्यायालयात चालेल, हे लिहून घेतलेले असले तर कलम १७० च्या शब्दांवर डोके फोडावे लागत नाही. एक कलम मात्र बहुतेक जण विसरतात. रात्री दोन वाजता घोड्याला पोटशूळ उठला आणि मालकाचा फोन बंद असला, तर शस्त्रक्रियेला किंवा वेदनामुक्त मरणाला होकार कोणी द्यायचा आणि ते पैसे कोणाच्या नावावर लिहायचे, हे घोडा तबेल्यात येतो त्याच दिवशी सहीनिशी ठरलेले हवे.