रक्ताळणाऱ्या हिरड्या

‘आजोबांच्या हिरड्यांतून रक्त येते, म्हणून आम्ही ब्रश बंद केला,’ असे घरची मंडळी वारंवार सांगतात. नेमकी येथेच चूक होते. हिरड्यांच्या फटीत वाढणाऱ्या ‘पॉर्फायरोमोनास जिंजिव्हॅलिस’ या जिवाणूला लोह लागते. त्याची ‘जिंजिपेन’ नावाची विकरे, म्हणजे एन्झाइम, रक्तातील हिमोग्लोबिन फोडून ते मिळवून देतात. त्याचे आणखी एक विकर मेथिओनिन या अमिनो आम्लाचे विघटन करते. त्यातून तोंडाला दुर्गंधी येते. न घासलेली, रक्ताळलेली हिरडी ही त्याची मेजवानीच! म्हणून मऊ ब्रशने दिवसातून 2 वेळा हळुवार घासा व दंतवैद्यांना दाखवा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास त्यांना सांगा. ती स्वतःहून मात्र थांबवू नका.