नऊची शाळा आणि रात्रीची गाडी

पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊला किंवा त्यानंतर भरवावेत, असा आदेश राज्य शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये काढला. मुलांच्या अपुऱ्या झोपेकडे तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी आदल्या डिसेंबरात लक्ष वेधले होते, त्याचे हे फलित. हेतूविषयी वाद नाही. सहा ते बारा वर्षांच्या मुलास रोज नऊ ते बारा तास झोप हवी, असे तज्ज्ञ सांगतात; दिवसा शिकलेले मनात पक्के होते तेही झोपेतच.

परंतु या आदेशाने झोपेचे एकच टोक सरकले. दुसरे टोक लोकलगाडीला बांधलेले आहे. जांभूळ, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातील असंख्य कुटुंबांची भाकरी मुंबईत आहे आणि बदलापूरहून मुंबईचे टर्मिनस ६८ किलोमीटरवर. शासनाने २०२० मध्ये पाच दिवसांचा आठवडा करताना कचेऱ्या सव्वासहापर्यंत लांबविल्या. शनिवार मोकळा झाला हे खरे. पण सव्वासहाला सुटलेला कारकून गाडी, मग रिक्षा करीत घरी पोहोचेतो साडेआठ-नऊ होतात. मुलाची वडिलांशी भेट होते ती त्यानंतर. वहीवरची सही, वर्गातले भांडण, लाड, सारे त्याच तासाभरात. मोबाईलला दोष देणे सोपे आहे, आणि तो अगदीच खोटाही नाही. तथापि वर्गात जांभया देणारे मूल पुष्कळदा वडिलांची वाट पाहत जागलेले असते. ‘लवकर निजवा’ हा उपदेश त्या घरी झोप किंवा वडील, यांपैकी एक निवडण्यास सांगतो.

शिवाय, सातच्या शाळेत मूल सोडून आईला आपली गाडी गाठता येई. नऊच्या शाळेत त्याला कोणी सोडावे? आजी घरी असेल तर ठीक.

थोरल्यांची गोष्ट निराळीच. पाचवीपुढच्यांना हा आदेश लागू नाही, आणि एकाच इमारतीत दोन सत्रे भरत असतील तेथे पहाटेचे सत्र त्यांच्याच वाट्यास येते. वास्तविक वयात येताना शरीरच झोपेची वेळ पुढे ढकलते. अमेरिकेतील सिॲटल शहराने २०१६ मध्ये माध्यमिक शाळा उशिरा भरविल्या, तेव्हा मुलांची झोप सुमारे ३४ मिनिटांनी वाढली.

गर्दी विभागण्यासाठी मध्य रेल्वेने २०२३ मध्ये आपल्या मुंबईतील कचेरीत दोन वेळा लागू केल्या. लहान मुले असलेल्या आईवडिलांपैकी एकास लवकर येऊन लवकर सुटण्याची मुभा मंत्रालयाने देण्यास हरकत नसावी. शाळांना आदेश देणारे शासन या कर्मचाऱ्यांचे मालकही आहे.