बांबूचा फुलोरा

खरिपाचे धान्य घरात येऊ लागते त्या दिवसांत दिवाळी येते, आणि त्यामुळेच असेल, यंदाचा अंक वाचकांच्या हाती देताना आमचे मन पुनःपुन्हा ज्या मुलखाकडे वळते, तिथल्या बंडाचे एक मूळ रित्या कणगीत होते. मिझो टेकड्यांवरील एका जातीच्या बांबूला सुमारे ४८ वर्षांनी एकदा फुलोरा येतो. त्याच्या बियांवर उंदरांची बेसुमार पैदास होते, आणि बिया संपल्या की ते उभ्या भातावर तुटून पडतात. १९११ चा असा दुष्काळ, ज्याला तिथे ‘माऊताम’ म्हणतात, वडीलधाऱ्यांच्या स्मरणात होता, म्हणून मिझो जिल्हा परिषदेने १९५८ सालीच आसाम सरकारकडे दाद मागितली. परंतु डोंगरी लोकांचा हा भाबडा समज आहे असे ठरवून शिलाँगच्या दफ्तराने ती मागणी बाजूला सारली, आणि १९५९ साली उंदीर आले.

पुढचे सारे या एकाच उपेक्षेतून उद्भवले, असे आम्ही म्हणणार नाही. १९६० च्या आसामी राजभाषेच्या कायद्यानेही मिझो मने दुखावली होती. तथापि दुष्काळात खेडोपाडी तांदूळ पोहोचविणारी लालडेंगा यांची संघटनाच १९६१ मध्ये मिझो नॅशनल फ्रंट झाली, आणि तिनेच १ मार्च १९६६ रोजी स्वातंत्र्य पुकारले. बंडाचा बंदोबस्त करणे सरकारला प्राप्तच होते. पण ५ मार्चला आपल्याच विमानदलाने ऐजॉलवर केलेला हल्ला, आणि पुढल्या वर्षापासून खेडीच्या खेडी उठवून लष्करी पहाऱ्यात वसविलेली रयत, यांचे समर्थन आम्हांस कोणत्याही युक्तिवादाने करवत नाही.

वीस वर्षांच्या रक्तपातानंतर ३० जून १९८६ रोजी तह झाला. मिझोंचे धार्मिक व सामाजिक आचार, त्यांचा रूढिसिद्ध न्याय आणि जमिनीची मालकी यांविषयी संसदेचा कायदा तिथल्या विधानसभेच्या संमतीवाचून लागू होणार नाही, अशी सनदच राज्यघटनेत नोंदली गेली. आणि मुख्यमंत्री लालथनहावला यांनी कालच्या बंडखोरासाठी आपले पद सोडून त्याच्या हाताखाली उपमुख्यमंत्रिपद पत्करले, हा त्याग आमच्या मते त्या तहातील कोणत्याही कलमाहून मोठा होता. स्वायत्ततेची मागणी आणि फुटून निघण्याची मागणी एकाच तराजूत घालणाऱ्यांनी हे आठवावे. आपल्याही घरी नागपूर कराराने १९५३ साली विदर्भाला दिलेला शब्द आहे, आणि दांडेकर समितीला १९८४ साली मोजावा लागलेला अनुशेष आहे.

२००६-०७ च्या सुमारास तो बांबू पुन्हा फुलला. उंदीर आले, भात गेले, लोकांचे हाल झालेच. पण या खेपेस सरकारने आधीच योजना आखली होती, मारलेल्या उंदरांच्या शेपट्या मोजून लोकांना पैसे दिले जात होते, आणि ऐजॉलमध्ये मुख्यमंत्रिपदी होते झोरमथांगा, लालडेंगांचे भूमिगत काळातील सहकारी.