तिकिटातले आकाश

आकाश पाहायला तिकीट काढावे लागते, हे माझ्या आजीला सांगितले असते तर तिने आधी माझी दृष्ट काढली असती. कोकणातल्या आमच्या घरी वैशाखात खळ्यात अंथरुणे पडत. सप्तर्षी, चित्रा, स्वाती ही नावे पाढ्यांच्याही आधी पाठ होत. मुंबईत वाढणाऱ्या मुलाची ताऱ्यांशी पहिली ओळख मात्र बहुधा वरळीच्या घुमटाखाली होते. ३ मार्च १९७७ रोजी नेहरू तारांगण सुरू झाले, तेव्हापासून शाळांच्या किती सहली तिथे येऊन गेल्या असतील! मुंबईकरांनी या वास्तूचे ऋण मानलेच पाहिजे.

मी बँकेत लागलो तेव्हा शनिवारी अर्धा दिवस असे. कॅश जुळली की कधीमधी एकटाच तिथे जात असे. घुमटाखाली मधोमध ते यंत्र उभे: दोन टोकांना दोन गोळे, मध्ये सांगाडा, एखाद्या अजस्र मुंगळ्यासारखे. गोळ्यात दिवा, बारीक छिद्रे आणि भिंगे. त्यांतून निघालेले ठिपके वर पडत आणि त्यांचे तारे होत. यापलीकडे त्यात चमत्कार नव्हता. कार्ल झाइस कंपनीच्या वाल्टर बाउअर्सफेल्ड यांनी १९२३ साली म्युनिकला दाखवलेली युक्ती ती हीच. २००३ मध्ये वरळीला संगणकावर चालणारी यंत्रणा आली. आता शनीच्या कड्यांतून फेरफटका मारून परत येता येते. मुले खुर्चीचे हात घट्ट धरतात. याला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण चित्रपट वेगळा आणि आकाश वेगळे. चित्रपटात दिग्दर्शक नेईल तिकडे डोळे जातात. आकाशात आपले आपण शोधावे लागते, आणि सापडेपर्यंत मान अवघडते.

अलीकडे एका मार्चमध्ये नातीला घेऊन गेलो. बाहेरच्या दालनातल्या वजनकाट्यांवर ती चंद्रावर चार किलो भरली आणि गुरूवर साठ. या हिशेबावर ती बेहद्द खूश होती. अशी हाताला लागणारी वस्तू मुलांच्या मनात घर करते. दिल्लीच्या तारांगणात सोयुझ टी-१० ची कुपी ठेवण्यात आली. ११ एप्रिल १९८४ रोजी राकेश शर्मा आणि त्यांचे दोन सोव्हिएत सोबती तिच्यातूनच पृथ्वीवर परतले. वातावरणातून येताना होरपळलेल्या त्या लहानशा कुपीत तीन माणसे मावली होती, हे दहा चित्रफितींपेक्षा जास्त सांगून जाते.

खेळानंतर आम्ही दोघे समुद्रावर गेलो. रोहिणी कशीबशी दिसली. शेजारच्या कृत्तिका मात्र दिव्यांच्या झगमगाटात कुठे विरून गेल्या होत्या. मी तिला सांगितले, रोहिणी सुमारे ६५ प्रकाशवर्षे दूर आहे; म्हणजे मी जन्मलो त्या सुमारास निघालेला प्रकाश आत्ता इथे पोचतोय. बँकेच्या भाषेत, जुन्या तारखेची नोंद आज पासबुकात उमटते आहे. ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘आजोबा, मग ती आत्ता तिथे आहे का?’

असा प्रश्न घुमटाखालच्या अंधारात सुचला तर विचारायचा कोणाला? ध्वनिमुद्रित निवेदनाला हात वर केलेला दिसत नाही. सही मागणाऱ्या मुलांना डॉ. जयंत नारळीकर पोस्टकार्डावर प्रश्न पाठवायला सांगत आणि उत्तरे देत. २०२५ च्या मे महिन्यात ते गेले. देशातल्या प्रत्येक तारांगणाने प्रत्येक खेळाची शेवटची दहा मिनिटे त्या रात्रीच्या आकाशासाठी राखून ठेवावीत. यंत्र थांबलेले असावे आणि शेजारी माणूस उभा असावा. खगोलप्रेमी मंडळांत असे बोलणारे तरुण असतात; त्यांना मानधन देऊन बोलवावे.

दुसरी गोष्ट घुमटाबाहेरची. रस्त्यावरच्या दिव्याचे काम रस्ता दाखवणे. त्यातला जो प्रकाश वर ढगांकडे जातो, तो आमच्या भाषेत बुडीत कर्ज. वीजबिल मात्र त्याचेही येते. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातले पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी आजूबाजूच्या गावांतले दिवे बदलून त्यांचा प्रकाश खाली वळवण्यात आला. गावांना जमले ते महानगराला अगदीच अशक्य आहे असे समजू नये. मुंबईचे पेंच होणार नाही, हे मलाही कळते. पण समुद्रकिनाऱ्याचे, मैदानांचे दिवे वरून झाकले, जाहिरातींचे फलक मध्यरात्रीनंतर विझवले, तर निदान कृत्तिका तरी परत येतील. आणि एका दिव्याला पत्र्याची टोपी घालायला खर्च तो किती येणार? कर्जमंजुरीच्या कोणत्याही समितीपुढे हा प्रस्ताव मी बिनदिक्कत ठेवला असता.