शिकवायला जा, शिकून या

मुलगा किंवा मुलगी परदेशी निघाली की घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘‘पगार किती?’’ त्यावर, ‘‘पगार नाही, राहण्याजेवण्यापुरते पैसे मिळतील. दोन वर्षे तिथल्या शाळेत शिकवायचे आहे,’’ असे उत्तर आले की आईला लग्नाची काळजी पडते आणि वडील म्हणतात, ‘‘ऐन उमेदीची दोन वर्षे फुकट घालवणार?’’

खरेच ती फुकट जातात का?

अमेरिकेने १९६१ मध्ये ‘पीस कोअर’ ही स्वयंसेवक योजना सुरू केली. तिच्यातून कित्येक तरुण परक्या देशांत शिकवायला गेले. त्यांपैकी रीड हेस्टिंग्ज यांनी १९८३ ते १९८५ या काळात आफ्रिकेतल्या स्वाझीलँडमध्ये, म्हणजे आजच्या एस्वातिनीत, गणित शिकवले. परतल्यावर ते संगणकशास्त्र शिकले आणि १९९७ मध्ये एका सहकाऱ्याबरोबर त्यांनी नेटफ्लिक्स ही कंपनी काढली. पीटर हेस्लर १९९६ मध्ये चीनमधल्या यांगत्से नदीकाठच्या फुलिंगला इंग्रजी शिकवायला गेले. वर्गात ते गुरुजी होते, पण वर्गाबाहेर चिनी भाषेचे विद्यार्थी! त्या दोन वर्षांवरचे त्यांचे ‘रिव्हर टाउन’ हे पुस्तक २००१ मध्ये आले. पुढे चीनविषयी लिहिणारे पत्रकार म्हणून त्यांनी नाव कमावले.

असे यश प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही, हे उघड आहे. पण जिथे आपली भाषा कुणाला कळत नाही, तिथे साधा अपूर्णांक शिकवायचा तरी आधी त्या मुलांचे जग समजून घ्यावे लागते. वीज गेली, पुस्तके पोहोचली नाहीत, तरी तास घ्यावाच लागतो. अशाने अंगी येणारा धीर आणि समोरच्याचे ऐकून घेण्याची सवय पुढे कोणत्याही नोकरीत उपयोगी पडते.

मात्र मुलांचाही विचार हवा. आठ-पंधरा दिवस हौसेने जाणाऱ्याला त्यांची नावे पाठ होतात न होतात, तोच परतीची वेळ होते. शाळेचे निदान एक वर्ष तरी देता येत असेल, तरच निघावे.

पीस कोअर केवळ अमेरिकन नागरिकांसाठी आहे. भारतीयांना संयुक्त राष्ट्रसंघाच्या स्वयंसेवक योजनेत अर्ज करता येतो. १९७० मध्ये स्थापन झालेल्या या योजनेचे मुख्य कार्यालय जर्मनीतल्या बॉन शहरात आहे. निवड झालेल्यांना निर्वाहभत्ता आणि विमा मिळतो. शिकवण्याखेरीज इतर कामेही त्यात असतात, म्हणून जागेची माहिती नीट वाचावी. अर्जाला शुल्क नाही.

इतर कोणत्याही संस्थेमार्फत जाताना व्हिसा कोणता, राहण्याची सोय कुणाची, आजारपणाचा खर्च कोण करणार, हे लेखी घ्यावे. ‘आधी मोठी रक्कम भरा’ म्हणणाऱ्यांपासून सावध राहावे. सध्या नोकरी असेल तर रजेची मंजुरीही कागदावर हवी.

आणि हे काम फक्त तरुणांचेच, असेही नाही. अमेरिकेचे पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले जिमी कार्टर यांच्या आई लिलियन कार्टर १९६६ मध्ये, वयाच्या ६८ व्या वर्षी, पीस कोअरमधून भारतात आल्या. पेशाने परिचारिका असलेल्या या आजींनी मुंबईच्या विक्रोळीत काम केले. तेव्हा घरात निवृत्त शिक्षक असतील, तर हा लेख त्यांनाही वाचायला द्या.