पिल्लाची रात्र, आजीचं शास्त्र

"ताई, तो मुद्दाम करतो." दर पावसाळ्यात हे वाक्य मला कुणीतरी ऐकवतंच. या आठवड्यात ऐकवणाऱ्या गृहस्थांनी त्याला एक शेपूट जोडलं : "आता आम्ही त्याला परत द्यायचं ठरवलंय." तो म्हणजे जेमतेम तीन महिन्यांचा बीगल. आरोप असा, की दिवसा हा बरा वागतो आणि रात्री सगळे झोपले की हॉलमध्ये शू करून ठेवतो. पैसे मोजून बोलावलेल्या प्रशिक्षकाने निदान केलं, की कुत्रा सूड उगवतोय. उपाय? त्याचं नाक त्या ओल्यावर घासा. घासलं. आता पिल्लू सोफ्याच्या मागे जाऊन करतं. प्रशिक्षकाच्या मते हा त्याच्या लबाडीचा पुरावा.

पिल्लू एवढंच शिकलंय, की या घरात माणसांच्या देखत शू करणं धोक्याचं असतं. म्हणजे आता खाली बागेत नेलं तरी ते तुमच्यासमोर करणार नाही. घरी परतल्यावर आडोसा शोधेल, आणि तुम्ही म्हणाल, अर्धा तास फिरवून आणलं तरी वर येऊन केलंच! रात्री दोनला झालेल्या गोष्टीचा राग सकाळी सातला काढला, तर पिल्लाला त्या दोन्हींचा संबंध लागत नाही. समोरचं माणूस चिडलंय एवढं त्याला दिसतं. ते कान पाडतं, शेपटी आत घेतं, आणि आपण त्या चेहऱ्यावर अपराधाची कबुली वाचतो.

ढोबळ हिशेब साधा आहे. पिल्लाचं वय जितके महिने, त्यात एक मिळवा. फार तर तितके तास ते धरू शकतं. तीन महिन्यांचं पिल्लू, चार तास. गाढ झोपेत थोडं अधिक. या घरात रात्री अकराला दिवे मालवतात आणि सकाळी साडेसहाला कुणीतरी उठतं. गृहस्थ बँकेत आहेत. गणित त्यांना पटलं, पिल्लू पटलं नाही.

मग मी विचारलं, घरात लहान कुणी आहे का? आहे, सव्वा वर्षाची मुलगी. ती रात्री काय करते? "तिला डायपर असतो ना!" म्हणजे तीही करतेच. तिच्यावर सुडाचा आरोप कुणी ठेवलेला नाही. पाच वर्षांच्या आत मुलानं अंथरूण ओलं केलं तर डॉक्टर त्याला आजार मानत नाहीत. आपल्या लेकराला पाच वर्षं, आणि बीगलला बारा आठवडे.

पण मला या मुलीपेक्षा तिची पणजी जास्त महत्त्वाची वाटते. डायपर घरोघरी पोचण्याआधी मराठी घरात तान्ह्या बाळाची शी-शू कशी सांभाळली जायची, ते आठवा. आजी मोरीत पाट घेऊन बसायची, पाय पुढे पसरायची आणि दोन पावलांच्या मधल्या बेचक्यात बाळाला बसवायची. तोंडाने "शूऽऽ". बाळ झोपेतून उठलं की मोरी. दूध प्यायल्यावर थोड्या वेळानं मोरी. बाळ चुळबुळायला लागलं, अंगावर शहारा आला, की हातातलं काम टाकून मोरी. झालं की कौतुकाचा वर्षाव. नाही झालं तर बाळ पुन्हा कडेवर, आणि थोड्या वेळानं परत तोच प्रयोग. बाळाला शूवर ताबा आणता येतो असा आजीचा समज मुळीच नव्हता. ती बाळाला शिकवतच नव्हती, ती वेळ गाठत होती. बाळ आपसूक शिकायचं.

आता पिल्लांच्या पॉटी ट्रेनिंगवरचं कोणतंही बरं पुस्तक उघडा. जागा ठरलेली हवी. झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर लगेच न्या. जमीन हुंगत गोल गोल फिरायला लागलं की उचला. करायला लागलं की दर वेळी एकच शब्द उच्चारा, झाल्याबरोबर शाबासकी द्या. आजीनं मोरीत बसून जे केलं तेच, फक्त ते सांगणारा आता तासाचे पैसे घेतो.

आजीची रात्रीची रीत तर याहून बघण्यासारखी. स्वतः आडवी होण्याआधी ती मुलाला एकदा उचलायची. मध्यरात्री पुन्हा. मुलाखाली मेणकापड, त्यावर जुन्या लुगड्याची दुपटी, आणि मूल तिच्या कुशीत, म्हणजे कूस बदलली तरी हाताला लागावं. दिवा नाही, गप्पा नाहीत, खेळणं नाही. उचललं, मोरी, परत अंथरुणात. सकाळी दुपटं ओलं निघालं तर ते दांडीवर जायचं. पोराचं नाक त्यात घासल्याचं मी तरी कुठल्या आजीबद्दल ऐकलेलं नाही.

उलट आमच्या बीगलची झोपायची जागा कोणती, तर पॅसेज. घरातले सगळे दारं लावून एसीत. पिल्लाला रात्री जाग येते, ते कुणकुणतं, दाराशी जातं, कुणी येत नाही. मग ते हॉलमध्ये जाऊन मोकळं होतं. ते सांगत होतं, ऐकायला कुणी नव्हतं. त्याचा पिंजरा किंवा टोपली तुमच्या पलंगाशेजारी हवी, हात खाली सोडला की लागेल इतकी जवळ. सुरुवातीला गजर रात्री दोनचा लावा. आठवडाभर कोरडं गेलं की तो अर्ध्या तासानं पुढे ढकलत न्या.

इथं पिल्लू माणसाच्या बाळाला मागे टाकतं. जन्मल्यावर साधारण तीन आठवडे त्याची आई त्याला चाटून शी-शू करवते आणि जागा स्वच्छ ठेवते. पाय फुटले की ते आपणहून झोपायच्या जागेपासून दूर जाऊन करायला लागतं. माणसाच्या बाळाला ही उपजत बुद्धी नाही. म्हणून तर बहुतेक पिल्लं सहा महिन्यांच्या सुमारास रात्रभर कोरडी राहू लागतात. अर्थात, ज्या पिल्लाला जन्मापासून घाणीच्याच पिंजऱ्यात झोपवलं त्याची ती बुद्धी मोडते. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही, असं कुत्र्यांच्या पैदाशीचे आणि विक्रीचे 2017 चे नियम सांगतात. तरी पाच आठवड्यांचं पिल्लू "दोन महिन्यांचं आहे, जात लहान आहे" म्हणून गळ्यात मारणारे आहेतच.

आता माझं जुनं दुखणं. बाजारात कुत्र्याच्या पिल्लांचे डायपर आलेत, आणि शू शोषणारे पॅड तर गठ्ठ्यानं खपतात. माझा एक संशय आहे : डायपर घरात आल्यापासून रात्री उठण्याची ताकदच आपण गमावली. पुरावा माझ्याकडे काही नाही, डोळ्यांखाली काळी वर्तुळं नसलेले आईबाप मात्र भरपूर दिसतात. पिल्लाच्या बाबतीत पॅडचा तोटा उघड आहे. घरभर पसरलेले पॅड त्याला शिकवतात, की घरात करायचं असतं, मऊ चौकोनावर. मग पायपुसणं हाही मऊ चौकोनच.

अकराव्या मजल्यावरच्यांची अडचण मला कळते. चपला, किल्ली, कडी, लिफ्ट, झोपलेला वॉचमन. जमीन येईपर्यंत काम झालेलं असतं. शिवाय लसी पूर्ण होईपर्यंत डॉक्टर पिल्लाला खाली टेकवू नका म्हणतात. पार्वो विषाणूच्या भीतीनं म्हणतात, आणि बरोबरच म्हणतात. म्हणून गच्चीत किंवा बाल्कनीत मातीचा, वर हरळी लावलेला पसरट ट्रे ठेवा, त्याची जागा हलवू नका. पिल्लाला तिथवर चालवत नेऊ नका, उचलून न्या. कडेवर असलेलं पिल्लू सहसा धरून ठेवतं. खाली उतरवायची वेळ आली, की ट्रेमधली थोडी माती बरोबर घ्या आणि बागेतल्या ठरलेल्या कोपऱ्यात टाका. भिजलेल्या गवतावर पाय ठेवायला पुष्कळ पिल्लं कुरकुरतात. छत्री धरा आणि थांबा. लिफ्टमध्ये कुत्रा आणू नका म्हणणाऱ्या सेक्रेटरींना प्राणी कल्याण मंडळाच्या 2015 च्या सूचना दाखवा.

आणि फिनाईल थांबवा. आपल्या नाकाला फरशी स्वच्छ झाली तरी त्याच्या नाकाला जुनी जागा सापडतेच. काळं फिनाईल चाटलं गेलं तर विषबाधा होते, ती वेगळीच. डाग आधी टिपून घ्या, मग एन्झाइमचं क्लीनर वापरा.

पाणी तोडू नका. रात्रीचं जेवण झोपायच्या तीन-चार तास आधी द्या, एवढं पुरे.

एवढं करूनही ओलं होतच असेल, किंवा चांगलं कोरडं राहणारं पिल्लू अचानक पुन्हा करायला लागलं, थेंब थेंब करू लागलं, सारखं पाणी पिऊ लागलं, तर प्रशिक्षकाला फोन करू नका, पशुवैद्यकाकडे जा. मूत्रमार्गाचा संसर्ग पिल्लांमध्ये होतो, माद्यांमध्ये अधिक. जाताना सकाळच्या पहिल्या लघवीचा नमुना स्वच्छ, कोरड्या बाटलीत घेऊन जा.